सत्त्याऐंशी नंबरचं ताट

लेमविग,
शनिवार, १२ मे १९५६

प्रिय थोरल्या सिग्नेताईस,

धाकट्या पेत्रेआचा वाकून नमस्कार. देव तुला निरोगी ठेवो, तुझी नजर शाबूत ठेवो, आणि कारखान्याच्या त्या खिडकीतून येणारा वारा तुझ्या मानेला न लागो.

तुझं पार्सल मंगळवारी पोचलं. काय काय आलं ते लिहिते, म्हणजे वाटेत कुणी हात मारला असेल तर तुला कळेल. कॉफी अर्धा किलो (पुडा एका कोपऱ्यात फुटला होता, पण पार्सलाच्या कागदावरून मी चमचाभर गोळा केली, वाया काही गेलं नाही). तांबडी लोकर, चार लडी. वडिलांचं भजनांचं जुनं पुस्तक, ज्याच्यावरून आपण दोघी सात वर्षं भांडलो आणि जे तू आता आपण होऊन पाठवलंस. त्याबद्दल मी सावकाश रडेन, आज वेळ नाही. आणि लोकरीत गुंडाळलेली ती निळ्या फुलांची छोटी बशी. पार्सलावर चाळीस ओरेंची तिकिटं कमी पडली होती, म्हणून दंडासकट ऐंशी ओरे माझ्याकडून घेतले. हे मागण्यासाठी लिहीत नाही. वहीत लिहिलं, म्हणून इथेही लिहिलं.

बशी तू सांगितल्याप्रमाणे उलटी करून पाहिली. खाली तुमच्या कारखान्याची खूण, तीन निळ्या लाटा, शेजारी रंगवणारणीचा नंबर, आणि लाटांवरून आडवा ओरखडा. ओरखडा म्हणजे दुसऱ्या प्रतीचा माल, म्हणून स्वस्त, असं तू लिहिलंस. मी भिंग लावून पाहिलं तरी मला त्यात खोट सापडली नाही. एका पाकळीपाशी निळा रंग किंचित ओघळला आहे, एवढंच, आणि एवढ्यावरून माणसाला दुसऱ्या प्रतीत घालायचं ठरवलं तर आमच्या मिशनगृहात प्रार्थनेला पहिल्या बाकावर कुणीच बसणार नाही. नंबर तुझा नाही हे मात्र मला लागलं. शेजारच्या टेबलावरच्या बाईचं घेतलंस, स्वतःचं विकत घेणं विचित्र वाटतं म्हणालीस. असो.

तुझा खांदा कसा आहे? बावीस वर्षं एका बाजूला कलून बसल्यावर तो दुखणारच. डेअरीतले लोक मेंढीची चरबी चोळतात, वासाकडे दुर्लक्ष करायचं. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. (तसं लिहायची पद्धत आहे. मी तीन आठवडे नीट झोपलेले नाही.) आधीच सांगते, मी काही मागायला लिहीत नाही. मन मोकळं करायला सख्ख्या बहिणीइतकं जवळचं कोण, आणि ती बहीण योगायोगाने त्याच कारखान्यात असली तर त्यात माझा काय दोष.

सासूबाईंच्या ताटांबद्दल तू ऐकलं आहेस, पण ती पाहिली नाहीस, कारण माझ्या लग्नाला तुला सुटी मिळाली नाही (मिळाली नाही असं तू लिहिलं होतंस). जेवणाची बारा ताटं, तुमच्याच कारखान्याची, पांढरी, अंगावर बारीक चुण्या, वर निळी वेलबुट्टी, सगळी हातची. सासूबाईंचे वडील गलबताचे कप्तान, त्यांनी लेकीला लग्नात दिली. आणि मोठेपणा त्यातही नाही. मोठेपणा असा की बाराही ताटं एकाच बाईच्या हातची. प्रत्येकाखाली नंबर सत्त्याऐंशी. सासूबाई तिला ‘माझी सत्त्याऐंशी’ म्हणतात, जशी काही ती त्यांची मावसबहीण, लहानपणी देवाघरी गेलेली. इतर घरांत पाहुणे ताट उलटं करून बघतात ते चोरून, घरची बाई स्वयंपाकघरात वळली की. सासूबाईंकडे ते हुकमाने होतं. त्या म्हणतात, ‘आत्ताच बघून घ्या, वाढल्यावर बघता येणार नाही.’ मग अकरा माणसं अकरा ताटं उलटी करतात, सत्त्याऐंशी म्हणतात, सरळ करतात, आणि मग हात जोडून देवाला हाक मारतात. (देवाची पाळी नंतर का, असं मी एकदा ह्यांना विचारलं. हे म्हणाले, ‘देव समजून घेतो, आई घेत नाही.’) बारावं ताट सासूबाईंचं. त्या नेहमी चळतीच्या तळाचं घेतात आणि न बघताच आपल्यापुढे ठेवतात. ‘मला काय बघायचंय, मला ठाऊक आहे.’ घरच्या बाईने सगळ्यांत शेवटचं घ्यावं, ही नम्रता मला फार आवडायची. मिशनगृहात बायकांपुढे मी तिचं उदाहरणसुद्धा दिलं आहे.

जेवणं झाली की ताटं त्या स्वतः धुतात, स्वयंपाकघराचं दार लावून. सुनांनी हात लावायचा नाही. मला तर पहिल्याच दिवशी बजावलं होतं. एकोणीस वर्षांपूर्वी मी त्या घरात पहिल्यांदा जेवायला बसले, ताट सरळ करताना ते टेबलाला जरा आपटलं, तर सगळ्यांदेखत म्हणाल्या, ‘पेत्रेआ, सांभाळून. हे पत्र्याचं नाही.’ आपण कोळ्याच्या पोरी, आपल्या घरी पत्र्याच्या ताटल्या होत्या, हे त्यांनी कुठून काढलं कुणास ठाऊक. तेव्हापासून दर सणाला एकदा तरी ‘सांभाळून, पेत्रेआ’ होतंच. मी मॅट्रिक झालेली बाई, चार गावच्या बायका मला टपालाचे कागद वाचायला देतात, पण त्या घरात मी पत्र्याची ती पत्र्याचीच.

तर फेब्रुवारीत सासूबाईंनी घर सोडलं आणि पतपेढीच्या वरच्या दोन खोल्यांत राहायला गेल्या. तिथे कपाटाला जागा नाही. एका संध्याकाळी ताटं कपड्यांच्या टोपलीत, आपल्या झोपायच्या झग्यांत गुंडाळून, आमच्या घरी घेऊन आल्या. होल्स्टेब्रोच्या आल्विल्डा जाऊबाईंकडे नाही, आमच्याकडे. मला वाटलं रस्ता चुकल्या. म्हणाल्या, ‘माझ्या पंचाहत्तरीपर्यंत तुझ्याकडे राहू देत. जेवण इथेच करू. त्या दिवशी सगळ्यांसमोर सांगेन, पुढे कुणाची ते.’ आणि जाताना दारातून वळून, ‘चळत हलवायची नाहीस. वरचं वर, तळाचं तळाला. आणि सांभाळून, पेत्रेआ.’ पंचाहत्तरी तीन जूनला, रविवारी. आज बारा मे. यापुढचं तू बसूनच वाच.

ताई, ताटांबद्दल माझं मत तुला माहीत आहे. हेरिंग मासा ताटाला ओळखत नाही, असं मीच म्हणायचे. तू पहिल्यांदा कारखान्यात लागलीस तेव्हा मी वडिलांना म्हटलं होतं की ताटावर फूल काढून काय, वर बटाटाच येणार. आणि ताट उलटं करून बघणं तर मला भेटवस्तूची किंमत विचारल्यासारखं वाटतं. सासूबाईंकडे हुकूम म्हणून उलटं करते, पण डोळे मिटून. तर मार्चमध्ये एका दुपारी, फक्त धूळ बसली का ते पाहायला, मी कपाट उघडलं आणि वरचं ताट हातात घेतलं. तू दिवसभर हेच करतेस म्हणून तुला हे सांगणं म्हणजे पाववाल्याला पाव दाखवणं. पण मी ते खिडकीपाशी नेलं. कुंचला जिथे टेकला तिथे निळा गडद आहे, आणि उचलला तिथे असा विरत गेला आहे, जसा बोलता बोलता कुणी आवाज खाली आणावा. डाव्या अंगाला एक देठ जरा भरकटला आहे, आणि पुढच्या पानाने त्याला हळूच वाटेवर आणलं आहे. सत्त्याऐंशीला त्या दिवशी शिंक आली असावी. पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वीची शिंक, ताई, आणि ती माझ्या हातात होती. तो देठ सापडल्यापासून मला बाकीचं ताट सोडवेना.

मग मी त्यावर उकडलेला अर्धा बटाटा ठेवला. कालचा, थंड, वर मिठाची चिमूट. त्या वेलीच्या मधोमध तो असा बसला होता, जसं कुणीतरी त्याला नाव घेऊन बोलावलं आहे. मी बसून खाल्ला. सावकाश. लग्न झाल्यापासून दुपारचं मी बसून खाल्ल्याचं मला आठवत नाही. दुसऱ्या दिवशीही खाल्ला. मग रोज, दोन ते तीन, हे डेअरीत असताना. धुऊन, पुसून, परत चळतीच्या वर. बाकीच्या अकरांना बोट लावलं नाही. हिशेबाच्या वहीच्या शेवटच्या पानावर मी माझी पापं लिहिते हे तुला ठाऊक आहे. तिथे ‘बटाटा’ असं लिहून रोज एक रेघ मारत गेले. सदतीस रेघा झाल्या.

अडतिसाव्या दिवशी मारेनकाकू आल्या. मारेनकाकू म्हणजे आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष, सुतार क्रेस्टेनकाकांच्या बायको, मनाने लोणी आणि अंगानेही. मिशनच्या वर्गणीचा डबा घेऊन आल्या. आमच्याकडे दार वाजवतात ते आत आल्यावर. आता तू म्हणशील, ताटात बटाटा खाताना दिसलीस तर काय बिघडलं. बिघडलं असं की त्याच्या आदल्याच गुरुवारी मी मंडळात अर्धा तास बोलले होते. विषय होता, आपण मातीची भांडी, आणि भांड्याने मिरवू नये. मारेनकाकूंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्याच मारेनकाकू बाहेर पाय पुसत होत्या आणि मी भरदुपारी, एकटी, कप्तानाच्या ताटात. मी उरलेला बटाटा अख्खा तोंडात टाकला आणि ताट सरकवलं खुर्चीच्या उशीखाली. खोलीत खुर्च्या सहा. देवाच्या कामाला निघालं की मारेनकाकू उशी असलेली खुर्ची बघून बसतात.

आवाज कसा झाला ते मी लिहीत नाही, तू तो कारखान्यात ऐकला असशील. उशी जाड होती, देवाची कृपा, त्यांना काही लागलं नाही. पण त्या तशाच अर्धवट उठल्या, तोंड लालेलाल.

‘काय मोडलं?’

‘खुर्ची,’ मी म्हणाले. तोंडात बटाटा होता, दुसरा शब्द मावत नव्हता.

‘माझ्यामुळे?’

‘नाही हो काकू, जुनीच आहे ती.’

‘पेत्रेआ,’ त्या एकदम हळू आवाजात म्हणाल्या, ‘फार मोठा आवाज झाला का गं?’

‘मला तर नीट ऐकूसुद्धा आला नाही.’

बघ, दोन मिनिटांत तीनदा खोटं, आणि समोर मिशनचा डबा. त्यांनी लाजेने उशी उचलून पाहिलं नाही. कॉफी उभ्याने घेतली, सात प्रकारची बिस्किटं मांडली होती त्यांतलं एक घेतलं नाही, आणि गेल्या. मी उशी उचलली. पाच तुकडे. भरकटलेला देठ मात्र अख्खा राहिला होता, एका तुकड्यावर, आपला एकटा.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्रेस्टेनकाका पेटी घेऊन दारात. म्हणाले, ‘बायकोला झोप नाही. कुठली खुर्ची?’ मी दाखवली. त्यांनी ती उलटी केली, सरळ केली, वर बसून डुलले, पाय ठोकून पाहिले. मग माझ्याकडे वळले. ‘पेत्रेआ, ही माझ्या बापाने केलेली खुर्ची आहे. हिच्यावर मारेन काय, मारेनची गाय बसली तरी ही हूं म्हणणार नाही.’ मी म्हटलं, लाकडाचं काही सांगता येत नाही. ‘मला येतं,’ ते म्हणाले. मग चांगल्या खुर्चीत दोन खिळे ठोकले. ‘घरी काहीतरी सांगावं लागेल ना.’ पैसे घेतले नाहीत. म्हणजे आता त्यांच्याही नावावर एक रेघ, माझ्यामुळे.

हे इथे थांबलं असतं तर मी तुला त्रास दिला नसता. पण त्या दिवसापासून मारेनकाकू कुणाच्याही घरी बसत नाहीत. बायबलच्या वाचनालासुद्धा शेगडीपाशी उभ्या राहतात, तास-दीड तास. केक सोडला आहे. कारण कुणाला सांगत नाहीत, त्यामुळे बायकांना वाटतं की ही काहीतरी आतली साधना आहे. गेल्या गुरुवारी तिघी उभ्या होत्या. पावलांना सूज आलेली म्हातारी योहान्नेमावशीसुद्धा म्हणाली, मला भिंतीला टेकवा. मी बसले होते, ताई, आणि सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की हिची श्रद्धा जरा कमीच.

ताट जोडायचा प्रयत्न मी केला. वडील माशांच्या पेट्या जोडायचे तोच घरचा डिंक केला, दुधाचा चोथा आणि चुना. दूध ह्यांच्या डेअरीचं, साय काढलेलं, खर्च शून्य. पाचही तुकडे बसले, लांबून पाहिलं तर कुणी शपथेवर सांगितलं असतं की अख्खं आहे. मग परीक्षा म्हणून त्यात गरम रस्सा ओतला, कारण पंचाहत्तरीला डुकराचं भाजलेलं मांस आणि रस्सा आहे. आधी काठ सुटला, मग वेल, मग रस्सा सगळा टेबलक्लॉथवर, आणि घरभर जुन्या चीजचा वास. हे जेवायला आले, नाक वर करून म्हणाले, ‘चीज आहे वाटतं आज?’ मी म्हटलं, नाही. ‘वाईट झालं,’ म्हणाले आणि जेवले. ह्यांना मी काही सांगितलेलं नाही. हे आईच्या ताटाखालचं मांजर आहेत असं मी म्हणणार नाही, पण आईने विचारलं की ह्यांच्या कानांच्या पाळ्या लाल होतात, आणि सासूबाई त्या पाळ्या पन्नास वर्षं वाचत आल्या आहेत.

मग मी गणित मांडलं. जेवायला माणसं बारा, माझ्यासकट. मी वाढायला उभी राहिले तर अकरा, ताटंही अकरा, बाकी शून्य. (उभं राहण्याची आमच्याकडे आता साथच आहे, कुणाला नवल वाटलं नसतं.) तर सोमवारी सासूबाईंची चिठ्ठी आली, ‘या वेळी पेत्रेआने टेबलावर माझ्या शेजारी बसायचं.’ एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. मी ती चिठ्ठी धरून रडले, आनंदाने की भीतीने ते अजून ठरलेलं नाही. मग मी आल्विल्डा जाऊबाईंना सर्दी व्हावी म्हणून प्रार्थना केली. हलकी, तीन दिवसांची, ताप नको, असं नीट सांगून. गुरुवारी त्यांचं पत्र आलं की तब्येत इतकी छान कधी नव्हती, आणि दिवाणखान्यासाठी काचेच्या दारांचं कपाट केलं आहे, बारा ताटं उभी राहतील अशा खाचा पाडून. वर लिहिलं आहे, ‘पेत्रेआ, तुला काय गं, तुला साधंच आवडतं.’

आवडत होतं, ताई. मार्चपर्यंत. ती ताटं माझी होवोत असं मी कधी म्हटलं नाही, आणि आता म्हणण्याचा हक्कही राहिला नाही. पण त्या दिवशी सासूबाई बारा मोजतील, अकरा भरतील, आणि मग जे म्हणतील ते मला आत्तापासून ऐकू येतं आहे. आल्विल्डा समोर बसलेली असेल. हे खाली बघत असतील. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे सासूबाईंचंच खरं ठरेल.

असो. आता मन हलकं झालं. मागणं काहीच नाही. खांद्याला चरबी लाव.

तुझी,
पेत्रेआ

ता. क. – सहज विचारते. तुम्हा रंगवणाऱ्या बायकांना घरच्यासाठी कमी भावात मिळतं असं तू नाताळात लिहिलं होतंस. तीच निळी वेल, आपल्या आजीच्या वेळची आणि आजची एकच, हेही तूच लिहिलंस. तर समज एखादं जेवणाचं ताट. रुंदी पाहायला तांबड्या लोकरीचा दोरा सोबत ठेवला आहे, एका गाठीपासून दुसऱ्या गाठीपर्यंत. कोंबड्यांचे पैसे माझे स्वतःचे आहेत, ते मी लगेच पाठवीन, त्यातून ऐंशी ओरे वळते करणार नाही.

दुसरा ता. क. – आणि खाली नंबर सत्त्याऐंशी घालता येईल का. हे खोटं होईल हे मला कळतं. पण बायबलातल्या याकोबाने हाताला करडाचं कातडं बांधून आंधळ्या बापाचा आशीर्वाद घेतला, आणि तो लागू पडला. त्याला त्यासाठी वीस वर्षं घराबाहेर काढावी लागली, हा भाग मी सध्या वाचत नाही. सत्त्याऐंशी आता हयात नसणार. असलीच तर खूप म्हातारी असेल, आणि आपलं ताट कुणाला एवढं हवं आहे हे ऐकून रागावणार नाही. आठाची वरची गाठ ती जरा वेगळी काढते. उद्या चर्चहून आल्यावर चळतीतलं एक ताट उलटं करून आकडा कागदावर उतरवते आणि मग पाकीट बंद करते.

तिसरा ता. क. (रविवार, दुपार) – हे डुलकी काढत आहेत. मी झोपलेल्या माणसाच्या घरात चळत हलवली, अकराच्या अकरा ताटं टेबलावर पालथी मांडली, की वेगवेगळे आठ पाहून त्यातला चांगला निवडावा. दहांखाली सत्त्याऐंशी. अकराव्याखाली, म्हणजे अगदी तळाच्या, सासूबाईंच्या ताटाखाली, एकतीस.

मी भिंग आणलं. एकतीसच. आणि लाटांवरून आडवा ओरखडा.

मी ते सरळ करून खिडकीपाशी नेलं. ताट नवं नाही. सुऱ्यांच्या रेघा त्यावर बाकीच्यांइतक्याच आहेत, म्हणजे तीस वर्षं तरी झाली असतील, माझं लग्न व्हायच्या कितीतरी आधी. त्यांच्या हातून एक गेलं. कप्तानाच्या लेकीच्या हातून. मग कुणाला न कळवता दुसऱ्या प्रतीचं आणलं, सगळ्यांत खाली ठेवलं, आणि तेव्हापासून दर सणाला तळाचं उचलून, न बघता आपल्यापुढे ठेवायचं, आणि दार लावून धुवायचं. मी ज्याला नम्रता म्हणून मंडळात सांगितलं, ते हे होतं. (ते भाषण मला आता मागे घेता येत नाही, आणि घ्यावंसंही वाटत नाही.) टोपली होल्स्टेब्रोला का गेली नाही तेही कळलं. आल्विल्डाने पहिल्याच दिवशी सगळी उलटी करून, बघून खाचांत लावली असती. मी पालथं बघणं पाप समजते, हे त्यांना ठाऊक होतं.

एकोणीस वर्षं त्या ‘सांभाळून, पेत्रेआ’ म्हणत होत्या. मला वाटायचं, मला म्हणतात.

तेव्हा सत्त्याऐंशी नको, ताई. दुसरा ता. क. खोडल्यासारखा समज (कागद महाग आहे म्हणून फाडत नाही). ताट तू रंगव, आणि खाली तुझा नंबर घाल. बावीस वर्षं तू लोकांच्या टेबलांसाठी रंगवते आहेस, आणि तुझा हात कसा चालतो, देठ कुठे भरकटतो, हे तुझ्या बहिणीने अजून पाहिलेलं नाही. मी ते चळतीत तळापासून दुसरं ठेवीन आणि सासूबाईंच्या शेजारी बसेन. त्या दिवशी दहा माणसं दहा ताटं उलटी करतील. कुणी मला विचारलंच तर मीही सांगेन, मला काय बघायचंय, मला ठाऊक आहे. सासूबाई तेव्हा माझ्याकडे बघतील. पुढचं त्या आणि मी बघून घेऊ. ताटं कुणाला द्यायची ती देवोत.

मारेनकाकूंना खरं सांगणार आहे, चार जूनला, सकाळी, त्यांना आधी बसवून. योहान्नेमावशीला तोपर्यंत मी उशी नेऊन दिली आहे, पाठीशी ठेवायला.

शेवटचं – ताट तीस मेच्या आत यायला हवं, आणि तिकिटं पुरेशी लाव. आधी नुसतं कार्ड टाक. आमच्या पोस्टातल्या बाई सगळी कार्डं वाचतात आणि त्या आल्विल्डाच्या मैत्रीण आहेत, म्हणून ताट हा शब्द लिहू नकोस, कोंबडी लिही. ‘कोंबडी घालते आहे’ म्हणजे जमतंय, ‘कोंबडी खुडूक आहे’ म्हणजे नाही. एवढी एकच ओळ. मी रोज दुपारी दोन वाजता बसूनच खाते आहे, पत्र्याच्या ताटलीत, आणि पोट भरतं. पण तू उलट टपाली कळव.